इंजिन झकास आहे, पण ते विकत कोण घेणार?

प्रश्न : मी 31 वर्षांचा, मूळचा इचलकरंजीचा, सध्या हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे. शाळेत असताना राज्य स्पर्धेपर्यंत बुद्धिबळ खेळलो. लॉकडाऊनमध्ये सी++ मध्ये स्वतःचं चेस इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतलं. आता ते साधारण 2100 रेटिंगच्या ताकदीनं खेळतं, मला सहज हरवतं. वाटतं की नोकरी सोडून याचंच सॉफ्टवेअर करावं. मराठी इंटरफेस, किंमत 499 रुपये. महाराष्ट्रात किमान एक लाख मुलं तरी बुद्धिबळ शिकत असतील. त्यातल्या एक टक्का मुलांनी घेतलं तरी भागेल. इंजिन कमी पडलंच तर आत स्टॉकफिश बसवेन, ते तगडं इंजिन फुकटच आहे. मेव्हणा म्हणतो, रमीसारखं पैसे लावून खेळायचं ॲप काढ, भांडवल मी आणतो. शिल्लक सहा लाख आहे, फ्लॅटचा हप्ता 27 हजार. बायकोचा विरोध नाही, पण ती 'किती दिवस?' एवढंच विचारते आणि मला उत्तर सुचत नाही. या धंद्यात खरंच पैसा आहे का? नोकरी सोडू का? (नाव छापू नये.)

उत्तर : नोकरी सोडू नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. बुद्धिबळाच्या सॉफ्टवेअरमध्ये पैसा आहे, पण इंजिनात आता राहिलेला नाही. तुमच्या पत्रातल्या तीन वाटा, 499 ची, स्टॉकफिशची आणि मेव्हण्याची, यातली एकही त्या पैशापर्यंत जात नाही.

तुम्ही केलंय ते सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. इंजिन सगळ्या चाली नियमानं काढतं का हे तपासायला सुरुवातीच्या पटावरून, एकेक चाल पुढे जात, शक्य खेळींची संख्या मोजत जायचं: 20, 400, 8,902, 1,97,281. चौथ्या पातळीपर्यंत सगळं तंतोतंत जुळतं, माणूस खूश होतो, आणि पाचव्या पातळीला 48,65,609 यायच्या ऐवजी आकडा बरोबर 258 नं कमी भरतो, कारण आँ पासाँ, म्हणजे दोन घरं पुढे आलेलं प्यादं वाटेतच मारायचा नियम, लिहायचं राहिलेलं असतं. त्या 258 चालींपायी ज्यानं रात्र काढली असेल त्याच्या चिकाटीबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण चिकाटी आणि गिऱ्हाईक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एके काळी इंजिन लिहून पैसे मिळत, आणि बऱ्यापैकी मिळत. 1976 मध्ये टोरंटोच्या पीटर जेनिंग्ज यांनी मायक्रोचेस लिहिलं. केआयएम-1 नावाचा उघडा सर्किट बोर्ड, जेमतेम एक किलोबाइट मेमरी, पडदा नाही, सहा आकड्यांचा लाल डिस्प्ले. त्यावर बुद्धिबळ! टपालानं दहा डॉलरला ते प्रोग्रॅम विकायला लागले. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीनं हजार डॉलर देऊन सगळे हक्क मागितले, तर जेनिंग्जनी नाही म्हटलं. पुढे मायक्रोचेसच्या प्रती हजारोंनी खपल्या आणि त्यातल्या पैशानं व्हिसिकॅल्क या पर्सनल कॉम्प्युटरवरच्या पहिल्या स्प्रेडशीटला हात दिला. म्हणजे आज तुमच्या ऑफिसात जी एक्सेलची फाइल उघडली जाते, तिच्या पूर्वजाला बुद्धिबळाच्या पैशानं दूध पाजलेलं आहे. नंतर चेसमास्टर आलं, त्याच्या प्रती तर लाखांनी गेल्या. हॅम्बुर्गच्या चेसबेस कंपनीनं 1991 मध्ये फ्रिट्झ हे इंजिन काढलं आणि ते वर्षानुवर्षं विकलं. तेव्हा घरात आपल्यापेक्षा चांगला खेळणारा प्रतिस्पर्धी हवा असेल तर पैसे मोजावेच लागत.

मग 2008 मध्ये स्टॉकफिश आलं. फुकट, आणि सोर्ससकट, म्हणजे मूळ कोडसकट. सुरुवातीला विकत मिळणारी इंजिनं त्याच्या पुढे होती, पण 2013 मध्ये फिशटेस्ट ही त्याची चाचणी-यंत्रणा सुरू झाली आणि चित्र पालटलं. तिचं काम कसं चालतं ते बघा, कारण तुमचा सामना तिच्याशी आहे. कोणीतरी एक ओळ बदलतो. ती ओळ असलेलं आणि नसलेलं स्टॉकफिश एकमेकांशी हजारो डाव खेळतात, बऱ्याचदा दहा-वीस हजारांच्याही वर, जगभरच्या स्वयंसेवकांनी मोकळ्या ठेवलेल्या कॉम्प्युटरवर. एखाद-दुसऱ्या रेटिंग गुणाचा फायदा आकडेशास्त्रानं सिद्ध झाला तर बदल आत, नाहीतर बाहेर. असं रोज, वर्षानुवर्षं. 2020 मध्ये त्यात एनएनयूई हे छोटं न्यूरल नेटवर्क आलं. ती कल्पना यू नासू या जपानी प्रोग्रॅमरनं मुळात शोगी या जपानी बुद्धिबळासाठी काढलेली. आज इंजिनांच्या याद्यांवर स्टॉकफिश 3500 च्या पुढे आहे. माणसांमध्ये सर्वोच्च रेटिंग मॅग्नस कार्लसनचं, 2014 मधलं 2882.

यात तुमचं 2100 कुठे बसतं? तुम्ही आणखी तीन वर्षं घालून 2900 पर्यंत नेलंत, तरी विकत घेणाऱ्याला फरक कळणार नाही. ज्याचं स्वतःचं रेटिंग 1300 आहे त्याला 2100 नं हरवलं काय आणि 3500 नं हरवलं काय, मार सारखाच लागतो. आणि ज्याला फरक कळतो तो फुकटातलं सगळ्यात भारी घेतो.

कोमोडो हे विकत मिळणाऱ्या शेवटच्या काही तगड्या इंजिनांपैकी एक. 2018 मध्ये ते चेस डॉट कॉम या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटनं विकत घेतलं. म्हणजे त्याचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक खेळाडू निघाला नाही. ज्या कंपनीकडे खेळाडू आधीच जमलेले होते, ती निघाली.

आता तुमचा एक टक्का. धंद्याच्या पत्रांत हा एक टक्का मला फार भेटतो, आणि दर वेळी तो आकाशातून पडलेला असतो. तरी तो खरा धरू. एक लाखाचा एक टक्का म्हणजे हजार मुलं. गुणिले 499, झाले 4,99,000. प्ले स्टोअर लहान डेव्हलपरकडून 15 टक्के घेतं, म्हणजे 74,850 गेले. उरले 4,24,150, तेही करबिर धरण्याआधी. आणि हे एकदाच! पुढच्या वर्षी त्याच हजार मुलांकडून एक पैसा येणार नाही, पण फोनची नवी आवृत्ती आली की ॲप बंद पडल्याची तक्रार मात्र येईल. सगळं मनासारखं घडूनसुद्धा ही तुमच्या फ्लॅटच्या सोळाएक हप्त्यांची रक्कम झाली. मराठी इंटरफेस हवाच, मला आवडेल. पण लिचेससारखी साइट, जिथे सगळं फुकट, जाहिराती नाहीत आणि खर्च देणग्यांवर चालतो, ती शेजारी असताना नुसत्या भाषेसाठी कोणी 499 काढेल असं मला वाटत नाही.

'आत स्टॉकफिश बसवेन' हे वाक्य तुम्ही ज्या सहजतेनं लिहिलंय, तिथे मी थबकलो. स्टॉकफिश फुकट आहे, बेवारस नाही. त्याला जीपीएल लायसन्स आहे. विकायला बंदी नाही, खुशाल विका. पण ज्याला द्याल त्याला त्याचं सोर्स द्यावं लागतं, तुमचे बदल धरून, आणि ते पुढे वाटण्याचा हक्कही द्यावा लागतो. तुमच्या कोडमध्ये ते मिसळून एकच प्रोग्रॅम केलात तर तुमचं कोडही त्याच अटीत येतं. हे कागदावरचं नाही. 2021 मध्ये चेसबेसनं फॅट फ्रिट्झ 2 नावाचं इंजिन सुमारे शंभर युरोंना बाजारात आणलं. आत मुख्यतः स्टॉकफिशच होतं, नेटवर्क तेवढं वेगळं. स्टॉकफिशच्या मंडळींनी त्याच वर्षी लायसन्स रद्द केल्याचं जाहीर केलं आणि म्युनिकच्या कोर्टात गेले. 2022 च्या नोव्हेंबरात तडजोड झाली: चेसबेसनं वर्षभर स्टॉकफिश असलेलं काही विकायचं नाही आणि लायसन्सच्या अटी पाळल्या जातात का हे बघायला कंपनीत एक माणूस नेमायचा. ही बुद्धिबळातली जुनी आणि नावाजलेली सॉफ्टवेअर कंपनी. तुमच्यामागे तर वकीलही नाही.

स्टॉकफिश वापरायचंच तर ते वेगळा प्रोग्रॅम म्हणून ठेवा, तुमचा प्रोग्रॅम त्याच्याशी यूसीआयवरून, म्हणजे इंजिनांशी बोलायच्या ठरलेल्या भाषेत, बोलू दे, आणि त्याचं लायसन्स व सोर्सचा दुवा नीट द्या. किंवा ते तुमच्या सर्व्हरवर चालवा. प्रत कोणाला देतच नाही म्हटल्यावर जीपीएलची सोर्सची अट लागू होत नाही. पण लिचेसचं कोड उचलाल तर ते एजीपीएल आहे, तिथे सर्व्हरची ही पळवाटही नाही. लिचेसची कोड्यांची यादी मात्र सीसी झिरोखाली आहे, लाखो कोडी, कोणालाही कशालाही वापरता येतात. तुमच्या उपयोगाची चीज ती आहे.

मेव्हण्याचं म्हणाल तर विषय एका ओळीत संपतो. ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा आला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्यानं बंद केले, खेळ नशिबाचा असो वा कौशल्याचा. असं ॲप चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. बुद्धिबळ कौशल्याचा खेळ आहे हा युक्तिवाद इथे कामाचा नाही. भांडवल मेव्हण्याचं, सही तुमची, असला प्रकार तर मुळीच करू नका.

मग पैसा कुठे आहे? चेस डॉट कॉम 2007 मध्ये सुरू झालं आणि 2022 च्या डिसेंबरात तिथले सदस्य दहा कोटींवर गेले. लोक तिथे इंजिनासाठी जात नाहीत. समोर कोणीतरी खेळायला असतं म्हणून जातात, आणि त्यातले काही धडे, कोडी, विश्लेषण यांची वर्गणी भरतात. ही जागा गेलेली आहे. खुद्द कार्लसनचं नाव असलेला प्ले मॅग्नस ग्रुप 2020 मध्ये ऑस्लोच्या शेअर बाजारात उतरला होता, त्याच्याकडे चेसेबलसारखा चांगला चालणारा धडे विकायचा धंदा होता, तरी 2022 मध्ये तो चेस डॉट कॉमनंच घेतला. जगज्जेत्याला जे एकट्याच्या बळावर टिकवता आलं नाही ते तुम्ही सहा लाखांत करायला जाऊ नका.

तुमच्या आवाक्यातला पैसा फार लहान आहे आणि फार जवळ आहे. गुकेश 2024 मध्ये जगज्जेता झाला, त्याच वर्षी बुडापेस्टला ऑलिंपियाडमध्ये दोन्ही सुवर्णं आली, त्या संघांत नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख होती, आणि 2025 मध्ये दिव्यानं महिलांचा विश्वचषकच जिंकला. या सगळ्यानंतर ज्या आईबापांनी आपल्या पोरांना क्लासला घातलं, ते पैसे देतात. क्लासला देतात, स्पर्धेच्या फीला देतात, प्रवासाला देतात. ॲपला सहसा देत नाहीत.

रविवारी एखाद्या जिल्हा स्पर्धेला जाऊन बसा. खेळायला नको, नुसतं बघायला. मंगल कार्यालयाचा हॉल, बाहेर पालक डबे घेऊन बसलेले, भिंतीवर पेअरिंगचा, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा, कागद, त्याभोवती पोरांची झुंबड. पेअरिंग स्विस मॅनेजर या प्रोग्रॅमवर होतं, निकाल चेस रिझल्ट्स या साइटवर चढतात. त्यात हात घालू नका, पंचांना तेच सवयीचं आहे आणि पेअरिंगच्या प्रोग्रॅमला फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाची, मान्यता लागते. तुम्ही डाव संपल्यानंतरचं बघा. नऊ वर्षांची पोरगी स्कोअरशीट, म्हणजे डावाच्या चाली लिहिलेला कागद, घेऊन तिच्या सरांकडे येते. बावीस-तेवीस चालींपर्यंत अक्षर ठीक, पुढे घड्याळ कमी राहिलं तसं कोंबडीचे पाय. सर संध्याकाळी ते उलगडून लॅपटॉपवर भरतात. स्टॉकफिश सांगतं, अठराव्या चालीला उणे 3.4, म्हणजे साधारण साडेतीन प्याद्यांइतकी ती मागे. पोरीला त्यातून काय कळणार? सरांना कळतं, ते समजावतात. पण त्यांच्याकडे अशी चाळीस पोरं असतात. आणि तिचा बाप महिन्याअखेरीला विचारतो, 'सर, प्रगती कशी आहे?' रेटिंग हललेलं नसलं की सरांकडे दाखवायला काही नसतं.

इथे तुमचं डोकं कामी येईल. उणे 3.4 म्हणजे नक्की काय घडलं, हे इंजिन लिहिलेल्या माणसाला फोडून सांगता येतं. घोड्याचा फोर्क (एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर हल्ला) दिसला नाही, की पिन असलेलं, म्हणजे मागचं मोहरं उघडं पडेल म्हणून हलू न शकणारं, मोहरं बचावाला आहे असं समजली, की मागच्या रांगेवरची मात विसरली? गेल्या पंधरा डावांत यातलं कोणतं किती वेळा झालं, आणि ते साधारण कितव्या मिनिटानंतर होतं? त्यावरून लिचेसच्या यादीतली नेमकी वीस कोडी गृहपाठाला, आणि बापाला व्हॉट्सॲपवर एका पानाचा मराठी अहवाल. जमलंच तर फोननं स्कोअरशीटचा फोटो काढून चाली उतरवणं. अक्षर लागत नाही तिथे कोणती चाल नियमात बसते हे तुमच्या इंजिनातलं चाली काढणारं जनरेटर सांगू शकेल. पाचव्या पातळीवरच्या त्या 258 चालींसकट!

हेही सोन्याची खाण नाही. लिचेसवर शिक्षकांसाठी वर्ग आणि अभ्यासाची पानं फुकट आहेत, चेसबेस आहेच, आणि आपल्याकडचे क्लासवाले 'छान आहे हो' म्हणतील आणि पैशाचं नाव काढलं की पुढच्या महिन्यात बोलू म्हणतील. समजा महिन्याला 500 रुपये देणारे दीडशे क्लास मिळाले, तर 75,000 झाले. दीडशे मिळायला मला वाटतं दोन-तीन वर्षं सहज जातील, आणि त्यातला निम्मा वेळ कोड लिहिण्यात जाणार नाही, फोनवर जाईल. तुम्हाला फोनवर बोलायला आवडतं का? पत्रावरून वाटलं नाही. हा प्रश्न धंद्याच्या दृष्टीनं तुमच्या इंजिनाच्या रेटिंगपेक्षा मोठा आहे.

म्हणून कोड आत्ता लिहूच नका. ओळखीतले पाच प्रशिक्षक गाठा, सांगली-इचलकरंजीकडचे आधी, तिथे तुम्हाला लोक ओळखत असतील आणि त्या भागात हा खेळ जुना मुरलेला आहे. त्यांच्या प्रत्येकी पाच मुलांचे डाव घ्या, आणि शनिवारी बसून, चक्क हातानं, तो एक पानाचा अहवाल तयार करून द्या. पहिला फुकट. दुसऱ्याला प्रति विद्यार्थी शंभर रुपये मागा. पाचातल्या तिघांनी दिले तर प्रोग्रॅम लिहायला घ्या. कोणीच दिले नाहीत तर तुमचे चार-पाच शनिवार गेले, नोकरी शाबूत.

बायकोच्या प्रश्नाचं उत्तर गणितातच आहे. हप्ता 27 हजार, घरखर्च कमीत कमी 30 हजार धरू. सहा लाख भागिले 57 हजार: साडेदहा महिने, तेही घरात कोणी आजारी न पडता. तिला 'किती दिवस' याऐवजी 'किती पैसे आल्यावर' हे सांगा. माझ्या मते या कामातून सलग सहा महिने घरखर्च आणि हप्ता मिळून निघाला की मगच नोकरीचा विषय काढावा. तोवर ती हिशोबाची वही तिच्याच हातात असू दे, तुम्ही आकडे फुगवाल.

इंजिनाचं काय करायचं? सोर्स खुलं करून टाका. सीसीआरएलसारख्या रेटिंग याद्यांवर हौशी लोकांची इंजिनं खेळवली जातात, तिथे पाठवा. पैसे येणार नाहीत, पण नोकरी बदलताना मुलाखतीत दाखवायला याच्याइतकं चांगलं काही तुमच्याकडे नाही. सी++ मध्ये प्रत्येक मायक्रोसेकंद वाचवणारं कोड लिहिणाऱ्याला बुद्धिबळाबाहेर जास्त भाव आहे.

हे सगळं सुरू करण्याआधी एक काम आजच करा. कपाटातून नियुक्तीपत्र काढा. त्यात नोकरीबाहेरच्या कामाबद्दल आणि तुम्ही लिहिलेल्या कोडच्या मालकीबद्दल एक-दोन कलमं असतील, बारीक अक्षरांत. काही कंपन्या सुट्टीत लिहिलेल्या कोडवरही हक्क सांगतात. ती कलमं एखाद्या वकिलाला दाखवा, गरज असेल तर एचआरकडून लेखी परवानगी घ्या, आणि इंजिनाची एक ओळही ऑफिसच्या लॅपटॉपवर असेल तर ती नंतर नव्हे, आधी निस्तरा.